काठाशी थांबणारं गाणं

आमच्या घरात सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही, रीत आहे. काही सांगायचंच असलं तर मधल्या माणसाकरवी सांगायचं. पेरूतल्या उकायाली नदीच्या काठावरच्या आमच्या शिपिबो जमातीच्या गावांत आता ही रीत बरीच सैलावली आहे. नव्या पोरी आईला आणि नवऱ्याला एकाच फोनवर बोलायला बसवतात. पण माझ्या सासूबाई, इनिन त्यांचं नाव, जुन्या वळणाच्या. लग्न झाल्यावर मी त्यांच्या घरी नांदायला आलो, कारण आमच्यात नवराच नांदायला जातो, आणि तेव्हापासून त्या माझ्याशी एक शब्दही थेट बोलल्या नव्हत्या.

मधलं माणूस म्हणजे माझी बायको तेओलिंदा. आम्ही तिघं एकाच चुलीभोवती बसलेलो असायचो, गुडघ्याला गुडघा लागत असायचा, आणि सासूबाई म्हणायच्या, “तेओ, त्याला विचार, मासा हवा का अजून.”

“हवा का?” तेओ मान न वळवता विचारायची.

“सांग, हवा.”

“हवा म्हणतोय.”

तोवर मासा माझ्या पानात पडलेलाही असायचा. अशी आमची वर्षं मजेत चालली होती. खरं सांगायचं तर ज्या बाईला टोमणासुद्धा बायकोच्या हातून पाठवावा लागतो, ती सासू फार सोयीची.

मी नावाडी. रोल्दान म्हणतात मला. माझी होडी लांब आणि निमुळती, मागे लांब दांड्याचं, पेके-पेके करणारं इंजिन. माणसं, केळीचे घड, डुकरं, सिमेंट, जे असेल ते गावातून पुकाल्पा शहराला न्यायचं आणि परत आणायचं. एकदा चर्चसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन येत होतो. वळणावर एक अख्खं झाड वाहत आलं, आडवं झालं आणि होडी उलटली. खुर्च्या आपापल्या वाटेने निघून गेल्या. खालच्या गावांतली माणसं अजून त्यांच्यावर बसतात, आणि मी भेटलो की आभार मानतात. मी मात्र होडीखाली अडकलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण बराच विचार करून झाला. मग एक खुर्ची हाताला लागली, तिला धरून वर आलो, काठावर बसलो आणि पोट धरून हसलो. घरी येऊन सगळी गोष्ट रंगवून सांगितली. सासूबाई सोडून सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी होडीत चढायला गेलो तर उजवा पाय उचलेना.

पाय ठणठणीत होता. जमिनीवर चालत होता, फुटबॉल खेळत होता. फक्त होडीशी आला की अडून बसायचा. मी त्याला समजावलं, शिव्या दिल्या, हाताने उचलून आत टाकायचा प्रयत्न केला. मग डावा पाय रुसला. घामाघूम होऊन मी चिखलात बसलो आणि माझा कुत्रा कापितान होडीच्या नाकावर बसून माझी वाट बघत राहिला.

त्या दिवसापासून होडी तेओ चालवायला लागली. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, हे गावाने मला ताबडतोब कळवलं. कापितान तिच्याबरोबर जायचा. मी घरी केळी भाजायचो.

पण तेओ भरतकाम करणारी बाई. सुई धरायचे हात इंजिनाच्या दांड्याने सोलवटून निघाले. एका संध्याकाळी तिने ते हात माझ्यासमोर धरले.

“हे बघ, मी तुझ्यावर चिडलेली नाही,” ती म्हणाली. “पण मी जन्मभर नावाडी होणार नाही. पाणी मैदानाला लागेपर्यंत बघते. तोवर बसलास होडीत, तर उत्तम. नाहीतर होडी लिसार्दोला देऊन टाकू आणि पुकाल्पाला माझ्या भावाकडे जाऊ. लाकडाच्या वखारीत तुला काम देतो म्हणालाय.”

“वखारीत?”

“वखारीत पाणी नसतं.”

पुरात आमच्या गावाला जमीन राहत नाही. आधी फुटबॉलचं मैदान जातं, मग वाटा, मग प्रत्येक घर आपल्या खांबांवर एकटं उभं राहतं आणि शेजारणीकडे मीठ मागायलाही होडी लागते. होडीत न बसणाऱ्या माणसाने त्या महिन्यांत काय करायचं? कोंबड्यांबरोबर माळ्यावर बसायचं. तेओचं काही चुकत नव्हतं. पण वखारीच्या नुसत्या विचाराने मला रडू यायचं. पत्र्याखाली झोपायचं, करवतीच्या आवाजाला उठायचं आणि खिडकी उघडली तर समोर दुसऱ्याची भिंत. मी नदीवर वाढलो. तिला घाबरत होतो हे खरं, पण तिच्यावाचून मला करमत नव्हतं.

लिसार्दो माझा चुलतभाऊ. रोज संध्याकाळी येऊन माझ्या होडीवर हात फिरवायचा, विकत घ्यायच्या गाईवरून फिरवतात तसा. “घाई नाही हं दादा,” म्हणायचा. “तुझा पाय म्हणेल तेव्हा.”

हे पायाचं दुखणं नव्हे, हे सगळ्यांना माहीत होतं. दचकलेल्या माणसाचा जीव, जिथे दचकला तिथेच बसून राहतो. त्याला गाऊन परत बोलवावं लागतं. असं गाणारी जाणती आमच्या गावात एकच, आणि ती माझी सासू.

“तेओ, त्याला सांग, पथ्य करावं लागेल,” सासूबाई म्हणाल्या. “मीठ नाही, साखर नाही, मिरची नाही, डुकराचं मांस नाही, साबण नाही. जंगलातल्या खोपटात एकट्याने राहायचं. बायको नाही. बायकोचा वासही नाही.”

“वासही नाही,” तेओ मला म्हणाली. जरा जास्तच आनंदाने म्हणाली.

“विचार त्यांना,” मी म्हणालो, “मग मधे बोलणार कोण?”

याचा विचार कुणीच केला नव्हता. सासूबाईंनी चुलीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. मग त्यांची नजर कापितानवर गेली. तो आपली शेपटी चावत होता.

“कापितान,” सासूबाई म्हणाल्या, “त्याला सांग, उद्या सकाळी निघायचं.”

तर असं माझं पथ्य सुरू झालं. खोपट गावामागच्या जंगलात, ओढ्याच्या वर. चार खांब, ताडाच्या पानांचं छप्पर, मच्छरदाणी आणि मी. सासूबाई दिवसातून एकदा यायच्या, कापितान पुढे, त्या मागे. पाठ करून बसायच्या आणि कुत्र्याला माझं औषध समजावायच्या.

“कापितान, त्याला सांग, हे बोबिन्साना. नदीच्या अगदी काठाला उगवतं. पूर येतो, दरडी कोसळतात, मोठाली झाडं वाहून जातात, हे जागचं हलत नाही. याच्या सालीचा काढा प्यायचा आणि ते काय म्हणतं ते गप्प बसून ऐकायचं. गप्प हा शब्द जरा मोठ्याने सांग.”

कापितान कान खाजवायचा.

“कापितान, त्यांना सांग, कळलं.”

बिनमिठाचा मासा म्हणजे नुसती माशाची बातमी असते. बिनसाखरेचं, बिनमिरचीचं, बिनतेओचं आयुष्य आधी फार लांबलं. मी मच्छरदाणीत पडून मिरच्यांची स्वप्नं बघायचो. मग हळूहळू गंमत व्हायला लागली. भाजलेल्या कच्च्या केळ्याला सकाळी एक चव आणि संध्याकाळी दुसरी चव लागू लागली. पावसाआधी पानं कुजबुजतात तो आवाज झाडाझाडाला वेगळा असतो, हे कळलं. एका मुंगीने दुसरीला वाट सोडली आणि मला भरून आलं. बिनकारणाचं हसू यायला लागलं. माझं डोकं ठिकाणावर आहे का, असं मी कापितानकरवी विचारलं.

“त्याला सांग, आहे. आता वेल घ्यायची.”

त्या वेलीला आम्ही ओनी म्हणतो, शहरात आयावास्का म्हणतात. वेल कुटून, पानं घालून दिवसभर उकळतात. रंग चिखलाचा, आणि चव अशी की चिखलालाही ओशाळवाणं व्हावं. ती अंधार पडल्यावरच घ्यायची. खोपटात दिवा नव्हता. सासूबाईंनी गावठी तंबाखूची विडी ओढून वाटीवर धूर फुंकला, वाटी आम्हा दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली, आणि मी ती उचलून घटाघटा प्यायलो. त्याही प्यायल्या. मग माझ्यासमोर सरकून बसल्या. अगदी समोर. मी गडबडून मागे सरकलो. पण गाण्याला रीत लागू नसते. ते तोंडावरच गायचं असतं, नाहीतर भलत्याच माणसाला लागतं.

आणि त्या गायला लागल्या. “माझ्या लेकीच्या नवऱ्या,” असं म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सासूबाई मला काहीतरी थेट सांगत होत्या, आणि तेही सुरात.  

आधी काहीच झालं नाही. मग मला माझे गुडघे फार विनोदी वाटायला लागले. दोन गुडघे, शेजारी शेजारी, आणि इतकी वर्षं मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. मी हसत सुटलो. सासूबाईंच्या घागऱ्यावरची नक्षी अंधारात उजळली, कापडावरून खाली उतरली आणि ओळीने चालत माझ्या अंगावर आली. रेघा, वळणं, कोपऱ्यातले कोपरे. गुदगुल्या व्हायला लागल्या. एक तुकान पक्षी आला आणि माझ्या खांद्यावर बसून माझ्या लग्नातले विनोद सांगू लागला, तेही चुकीचे, आणि मी दुरुस्त करू लागलो. मग खोपटाचं छप्पर बाजूला झालं आणि गाण्याने मला कानाला धरून वर नेलं. झाडांच्या शेंड्यांवरून, ढगांमधून, ताऱ्यांच्या मागच्या अंगणात. तिथे सगळं जग एकाच सुईने एकाच दोऱ्यात भरलेलं होतं आणि त्यात कुठेतरी एक टाका माझा होता. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मग मी बादलीत यथेच्छ ओकलो आणि तोही आनंदच वाटला.

सकाळी सासूबाई पाठ करून बसल्या. “कापितान, विचार, काय दिसलं.”

“सांग, सगळं दिसलं. पृथ्वी, आकाश, माझे गुडघे.”

“नदी दिसली का?”

मी आठवून पाहिलं. “सांग, नदी तेवढी नाही दिसली.”

त्यांनी विडी पेटवली. काही बोलल्या नाहीत. कुत्र्याशीसुद्धा.

मी ओढ्याकडे गेलो. तिथे एक जुनी डोंगी बांधलेली होती. वाटलं, ताऱ्यांपर्यंत जाऊन आलेल्या माणसाला डोंगीचं काय? पाय उचलायला गेलो. पाय म्हणाला, नाही. ब्रह्मांड फिरून आलो, पण अर्ध्या हाताच्या लाकडात पाऊल टाकता येईना.

पलीकडच्या काठाने लिसार्दो मासे घेऊन चालला होता. पथ्यावरच्या माणसाजवळ जायला तोही धजावला नसता, म्हणून लांबूनच ओरडला, “दादा, आकाशात जाऊन आलास म्हणे. आता पुकाल्पालाही उडतच जात जा.”

असं पुन्हा झालं आणि पुन्हा झालं. दर खेपेला मी सुखात न्हाऊन निघायचो. एकदा मी पोपट होतो. एकदा मी आणि एक घूस एकमेकांची क्षमा मागत बसलो, कशाबद्दल ते दोघांनाही आठवेना. एकदा माझी मेलेली आजी आली, माझं डोकं चाचपून म्हणाली, “उवा नाहीत, छान,” आणि गेली. मी सकाळी गालात हसत उठायचो, झाडांना नमस्कार करायचो, आणि डोंगीशी जाऊन खांबासारखा उभा राहायचो. पाणी मात्र चढत होतं. ओढा काठावर खोदलेल्या पहिल्या पायरीला होता तो दुसरीला आला. तेओचा आवाज सकाळी नदीवरून यायचा, इंजिनावर खेकसणारा. त्या आवाजाने माझा सगळा आनंद उतरायचा.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी नावाडी आहे. कोण प्रवासी कुठे उतरतो हे मला पाठ असतं. सासूबाईंचं गाणं दर वेळी त्याच वाटेने निघायचं. तंबाखूपासून सुरू व्हायचं, केळीच्या बागेतून जायचं, मोठ्या लुपुना झाडाला वळसा घालायचं, उताराने खाली काठावर यायचं. काठावरचा चिखल, चिखलातली बगळ्याची पावलं, सगळं सांगायचं. आणि मग हमखास एक तुकान यायचा, आणि गाणं त्याच्या पाठीवर बसून वर निघून जायचं. म्हणून मी दर वेळी आकाशात. तिथे मजा होती, पण माझा जीव आकाशात बसलेला नव्हता. तो पाण्याखाली होता, आणि त्याला आणायला कुणी जातच नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी जंगलाच्या कडेवरून तेओचा आवाज आला. वास लागू नये म्हणून ती वारा माझ्याकडून तिच्याकडे वाहील अशा बाजूला, लांब झाडामागे उभी होती.

“कापितान,” ती ओरडली, “त्याला सांग, पाणी मैदानाच्या कोपऱ्याला लागलं. उद्या लिसार्दो होडी न्यायला येतोय.” मग थोडं थांबून म्हणाली, “आणि सांग, माझंही जायचं मन होत नाहीये.”

कापितान धावत तिच्याकडे गेला. मी तिथेच बसून रडलो. पथ्यात रडायला मनाई नाही.

त्या रात्री सासूबाईंनी वाटी जरा जास्त भरली. मी प्यायलो, त्या प्यायल्या. गाणं निघालं. केळीच्या बागेतून गेलं, लुपुनाला वळसा घातला, उतरलं. चिखल आला. बगळ्याची पावलं आली. माझ्या नाकाला नदीचा वास लागला. पंखांची फडफड ऐकू आली. तुकान आला होता, वेळेवर, नेहमीसारखा.

“सासूबाई,” मी म्हणालो, “थांबू नका. पुढे चला की.”

गाणं बंद पडलं.

तोंडातून निघून गेलं तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. जावई सासूशी बोलला. थेट, गाणं मधेच तोडून. दोन्ही घराण्यांचे मेलेले आजे-पणजे उठून बसले असतील. 

“कापितान,” सासूबाई म्हणाल्या.

कापितान बाहेर झोपला होता. त्याची शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

“कापितान,” त्या पुन्हा म्हणाल्या. कुत्रं काही उठलं नाही.  मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक, आणि तो माझ्याचकडे आला.

“तिकडे मी जात नाही.”

“का?”

“तेओचा बाप मासे धरायला गेला. होडी परत आली. रिकामी. वल्हं आत नीट आडवं ठेवलेलं होतं. जसं काही तो जरा बाजूला गेलाय.” त्यांनी नाक ओढलं. “तेव्हापासून मी पाण्यावर बसले नाही. आधी म्हटलं, पोर लहान आहे. मग म्हटलं, रोपं लावायचीत. मग तू आलास, बरंच झालं. जावयाच्या होडीत सासूने कसं बसायचं, म्हटलं. सगळ्यांना पटलं. किती रीत पाळते म्हणाले.”

मी थक्क झालो. उभ्या गावाची पाण्याची भीती काढणारी बाई. सगळे तिच्या दाराशी यायचे, म्हणून तिला कुठे जावंच लागत नव्हतं, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आणि माझ्या आतून, पथ्याने भरलेल्या त्या रिकाम्या पोटातून, हसू वर यायला लागलं. मी दाबलं. ते नाकातून बाहेर आलं.

“हसतोस काय?”

“म्हणजे आपण दोघंही,” मी म्हणालो. “एकाच घरात. एकाच चुलीशी. आणि तेओ मधे बसून मासा वाढतेय.”

 मग समोरून एक आवाज आला, फुटलेल्या भात्यासारखा. सासूबाई हसत होत्या. त्यांना हसताना मी कधी ऐकलं नव्हतं, निदान माझ्या कुठल्या गोष्टीवर तरी. एक थांबला की दुसरा सुरू. हसता हसता माझ्या घशात काहीतरी अडकलं. वाटलं ओकारी आहे. पण ते गाणं होतं. माझं नव्हतंच, काढ्याबरोबर जे झुडूप रोज प्यायलो, त्याचं होतं. मी काठाचं, मी दरडीचं. माझी मुळं पाण्यात, माझी फुलं उन्हात. घाबरलेल्या बाई, माझी फांदी धर. घाबरलेल्या बाप्या, दुसरी फांदी धर. जाऊ दे वाहून जे वाहायचं ते.

“सूर खाली घे,” सासूबाई म्हणाल्या. “बेडकाला बोलावतोयस का?”

मी सूर खाली घेतला. त्यांनी साथ धरली. तुकान थोडा वेळ घुटमळला आणि कंटाळून गेला. गाणं चिखलातून पुढे गेलं, घोट्याएवढं, कमरेएवढं, आणि मग आम्ही पाण्याखाली होतो.

तिथे चर्चच्या उरलेल्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांच्यावर मासे बसले होते, गंभीर चेहऱ्याने, प्रवचनाला बसल्यासारखे. शेवटच्या ओळीत मी बसलो होतो. म्हणजे माझा जीव. हाताची घडी घालून.

“इतका वेळ लावतात का?” तो म्हणाला. “परतीची होडी कधीची यायची होती.”

त्याच्यामागे नदीचा धनी, मोठा अजगर रोनिन, वेटोळं करून पडला होता. आमच्या बायकांच्या कापडावरची सगळी नक्षी मुळात त्याच्या कातडीवरची. त्याने एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि किंचित सरकून माझ्या जिवाला माझ्याकडे यायला वाट दिली. सासूबाई माझ्या पुढे गेल्या, खोल, जिथे मला दिसत नव्हतं. त्यांना तिथे कोण भेटलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. पाण्याखाली सगळ्यांचाच असतो.

मग आम्ही दोघांनी एकाच बादलीत ओकायला घेतलं.

“आधी तुम्ही,” मी म्हणालो.

“नाही, तू घे उरकून.”

सकाळी पथ्य सुटलं. सासूबाईंनी माझ्या जिभेवर मीठ, लिंबू आणि मिरची ठेवली. त्या एका चिमटीत मला सगळ्या जगाची चव लागली आणि मी तिथल्या तिथे दोन उड्या मारल्या. कापितानही उड्या मारायला लागला. मग आम्ही गावाकडे निघालो. वाटेत मी पायाला काही विचारलं नाही. उगाच त्याला आठवण कशाला द्या.

मैदान गेलेलं होतं. गोलपोस्ट गुडघाभर पाण्यात उभे होते. होडी तिथेच बांधलेली, लिसार्दो स्वतःचं वल्हं घेऊन आलेला, आणि तेओ पाण्याच्या कडेला उभी. तिच्या पायाशी गाठोडी होती. तिने मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले. सासूबाईंनी ठेवणीतला घागरा नेसला होता.

“आई, तू कुठे?”

“पुकाल्पाला. मला दोरे आणायचेत.” आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांदेखत, “दोरी सोड.”

तेओचं तोंड उघडं राहिलं. लिसार्दोने वल्हं खाली ठेवलं.

मी दोरी सोडली. सासूबाई होडीशी गेल्या. त्यांनी पाऊल उचललं, आणि ते तसंच हवेत राहिलं. होडी हलत होती. त्यांची पोटरी थरथरताना मला स्पष्ट दिसली. घागऱ्याची किनार पाण्याला लागून भिजत होती आणि त्या ओठ गच्च मिटून पलीकडच्या काठाकडे बघत होत्या. एवढी भीती मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर कधी पाहिली नव्हती. आतून मात्र ती चांगली ओळखीची होती.

“थांबा,” मी म्हणालो. “असं हलत्या होडीत नाही चढायचं. मी धरतो.”

मी होडीत गेलो, पाय फाकवून उभा राहिलो, दोन्ही पायांनी तिला दाबून धरलं आणि हात पुढे केला. “या आता.”

त्यांनी माझा हात पकडला, बोटं मोडतील इतका घट्ट, आणि आत आल्या. आत येऊन फळीवर मटकन बसल्या. तेवढ्यात तेओच्या घशातून विचित्र आवाज निघाला. ती दोन्ही हात तोंडावर धरून माझ्या पायांकडे बघत होती. तेव्हा कुठे मीही खाली पाहिलं आणि मी कुठे उभा आहे ते मला कळलं.

लिसार्दोने खाली ठेवलेलं वल्हं उचलून काखेत मारलं. मग म्हणाला, “दादा, मलाही पुकाल्पाला सोडशील?”

“उद्या,” मी म्हणालो आणि इंजिनाची दोरी ओढली.

तेओ काठावर बसून हसत होती आणि रडत होती. मी तिच्याकडे फार बघितलं नाही, कारण नदीचा मोठा प्रवाह समोर आला होता, तपकिरी, रुंद, लाकडं वाहून आणणारा. माझे हात दांड्यावर घामाने निसटत होते.  म्हणजे भीती गेलेली नव्हती. सासूबाई माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या; पुढे पाण्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून मला बघत होत्या. मी त्यांना बघत होतो.

माझी होडी उलटली होती त्या वळणावर आलो तेव्हा त्या म्हणाल्या, “इथे बंद कर.”

मला वाटलं, आता परत फिरायचं म्हणतील. मी इंजिन बंद केलं. त्या हळूच कडेला झुकल्या आणि त्यांनी हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत. तसाच ठेवला.

“हात आत घ्या सासूबाई,” मी म्हणालो. “पिरान्या मासे असतात, बोटं तोडतात.”

“असू दे. माझा नवरा घेऊन बसलीय ही. आता बोट मागायला लाजेल.”

असं म्हणून त्या हसल्या, आणि दुसऱ्या हाताने माझा घोटा घट्ट धरून ठेवला. मीही हसलो. इंजिन बंद होतं, होडी आपली आपण वाहत होती, आम्ही दोघं भीतीने गारठून गेलो होतो, आणि पाण्यावर होतो.